बोटाची शाई : साक्षीदार मंडळी सोडलेल्यांची गोष्ट

[कापसाचं रान, जालना जिल्हा, सकाळ]

हे बोट बघा. डाव्या हाताची तर्जनी, नखापासून खाली उतरलेली काळी रेघ, आणि त्याच बोटाने मावशी बोंडातून कापूस ओढतायत. पांढऱ्या कापसात काळं बोट. हा शॉट घेतला तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं की फिल्म इथूनच सुरू करावी लागेल.

मावशींचं वय 51. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं, त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. यादीतून नाव गळालं वगैरे काही नाही, नाव कधी घातलंच नव्हतं. कारण त्या यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथात होत्या, आणि साक्षीदार मत देत नाहीत. कुठल्याच पक्षाला नाही, कुठल्याच देशात नाही.

"मत द्यायचं नाही हे आमाला जेवणासारखं सवयीचं व्हतं," मावशी म्हणतात. "त्येच्यात काय इच्यार करायचा?"

[जुन्या मासिकांचा खोका]

हा खोका मावशींच्या माळ्यावर होता. टेहळणी बुरूज, सावध राहा, ही साक्षीदारांची मासिकं, सगळी मराठीतली, कडा पिवळ्या झालेल्या, ओळीओळींखाली पेन्सिलीच्या रेघा. त्या रेघा मावशींच्या आईच्या आहेत. आई मुंबईत परळला असताना या लोकांच्या संपर्कात आली, वडील गिरणीत होते, आणि 1982 च्या संपात गिरणी गेली, घर गेलं, सगळं बोचकं बांधून हे कुटुंब जालन्याकडे परत आलं. गावात आल्यावर कोणी विचारेना, पण दर आठवड्याला एक पत्र यायचं, कधी पंथातली एखादी बहीण एसटीने भेटायला यायची. ज्या माणसाचं सगळं बुडालंय त्याच्याकडे जर कोणी दर आठवड्याला येत असेल तर तो त्याच्या देवाकडे जाणारच, आणि यात आईचं काय चुकलं असं आम्हाला तरी वाटत नाही.

घरोघर धर्माच्या प्रचाराला जायची तयारी कशी असायची ते मावशी दाखवतात. साडीला इस्त्री, पर्समध्ये बायबल, दोन अंकांच्या दोन-दोन प्रती, छोटी वही. दारात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं हे घरी आरशासमोर पाठ करायचं. सभेत स्टेजवर दोन बहिणी समोरासमोर बसून त्याचा नमुना करून दाखवायच्या, एक घरमालकीण व्हायची, एक साक्षीदार. वहीत तास लिहायचे. या महिन्यात प्रचाराला किती तास, किती अंक दिले, किती जणांकडे परत गेलो. महिनाअखेर ती चिठ्ठी मंडळीत, म्हणजे त्यांच्या गावातल्या सभेत, द्यायची. तासांचा हा हिशोब साध्या प्रचारकांसाठी संस्थेने नोव्हेंबर 2023 पासून बंद केला, पण मावशींच्या हाताला अजून सवय आहे, कापूस किती वाजेपर्यंत वेचला ते पण त्या वहीत लिहितात. वही बघा, तीच आहे.

[गच्ची, जालना, संध्याकाळ]

ही जालन्यातली गच्ची. मागे पाण्याच्या टाक्या, लांब स्टील कारखान्यांचा धूर. इथं महिन्यातून एकदा हे चौघं बसतात. चौघंही साक्षीदार होते, चौघांनीही सोडलं. नावं आम्ही घेत नाही, मावशी, सर, ताई आणि धाकटा दादा एवढंच म्हणू. चहा, शेंगदाणे, आणि बोलणं सुरू झालं की धर्म आणि राजकारण, दुसरं काही नाही. आधी ज्यावर तोंडच उघडायचं नाही तोच विषय आता रात्री दहा-दहा वाजेपर्यंत.

तटस्थ राहण्यामागचं कारण समजून घ्या, नाहीतर ही माणसं वेडी वाटतील. योहानाच्या शुभवर्तमानात येशू पिलातासमोर म्हणतो की माझं राज्य या जगाचं नाही. साक्षीदार ते शब्दशः घेतात. खरं सरकार देवाचं, ते येणार आहे, बाकीची सरकारं जाणार आहेत. म्हणून मत नाही, पक्ष नाही, सैन्य नाही, झेंड्याला सलामी नाही, राष्ट्रगीत म्हणणं नाही. पण रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पण ते तितकाच मानतात, म्हणजे टॅक्स भरायचा, कायदा पाळायचा, दगड उचलायचा नाही. हिटलरच्या छळछावण्यांत जांभळा त्रिकोण शिवलेले कैदी होते ते हेच, हात वर करून हिटलरचा जयजयकार करायला नाही म्हणाले म्हणून. ते धैर्य खरं होतं, आणि गच्चीवर कोणी ते नाकारत नाही.

सर इथं बोलायला लागतात आणि मग थांबत नाहीत.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, परभणीकडे, आता रिटायर. रोज सकाळी परिपाठ, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा. सर पोरांसमोर ताठ उभे राहायचे आणि ओठ बंद. नवीन हेडमास्तर आले की दरवेळी एक प्रकरण व्हायचं. मग सर खिशातून कागद काढायचे. तो कागद अजून आहे त्यांच्याकडे, चार घड्या घातलेला, झेरॉक्सची झेरॉक्स, मधलं अक्षर उडालेलं.

[कागद, क्लोजअप]

सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, 11 ऑगस्ट 1986 चा. केरळात साक्षीदार कुटुंबातली तीन भावंडं, दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी, राष्ट्रगीताला उभी राहायची पण म्हणायची नाहीत. हे आधीपासून चालू होतं, कोणाला काही नव्हतं. मग एका आमदाराच्या लक्षात आलं, विधानसभेत प्रश्न आला, चौकशी बसली, चौकशीत पण निघालं की पोरं शिस्तीची आहेत, अपमान करत नाहीत, तरी जुलै 1985 मध्ये शाळेतून काढलं. हायकोर्टात हरले. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती दत्त यांनी त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितलं. राष्ट्रगीत म्हटलंच पाहिजे असा कायदा नाही, आदराने उभं राहिलं म्हणजे अपमान होत नाही, आणि संविधानाचं 19 वं आणि 25 वं कलम या पोरांच्या बाजूने आहे. निकालाच्या शेवटी कोर्ट म्हणतं की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुता सांगतं, आपलं संविधान सहिष्णुता आचरतं, ती पातळ होऊ देऊ नका.

आता सर राष्ट्रगीत म्हणतात, मोठ्याने म्हणतात, गच्चीवर 26 जानेवारीला म्हणून दाखवलं आम्हाला. पण कागद फाडायला तयार नाहीत. "मी आता गातो तो माझा हक्क, आणि तवा गात नव्हतो तो बी माझाच हक्क व्हता. पण एक सांगतो, तवा नाही गायचं हे मी ठरवलंच नव्हतं, मला ते ठरवून दिलेलं व्हतं."

हे वाक्य ऐकून दादा गप्प झाला, फ्रेममध्ये दिसतंय ते.

सरांची दुसरी गोष्ट इलेक्शन ड्युटीची. मास्तरला ड्युटी चुकत नाही. मंडळीतल्या वडिलांना, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्यांना, विचारलं, ते म्हणाले तुझ्या विवेकाचा प्रश्न आहे. सर गेले. दोन नंबरचे मतदान अधिकारी, म्हणजे शाईची बाटली त्यांच्यासमोर. मतदाराचं डावं बोट धरायचं, पुसलेलं आहे का बघायचं, काडी बुडवायची, नखाच्या टोकापासून खाली रेघ ओढायची, वाळेपर्यंत लक्ष ठेवायचं. रजिस्टरवर सही किंवा अंगठा घ्यायचा, चिठ्ठी द्यायची. सर पेनाने करून दाखवतात कसं ते, बोट कसं धरायचं, म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरत असला तर टेबलावर कसा टेकवायचा. पाच-सहा इलेक्शनला हजारो लोकांची बोटं रंगवली, पायाने अधू माणसाला पोरांनी खांद्यावर आणलेलं बघितलं, नवरी हळदीच्या अंगाने आलेली बघितली. आणि संध्याकाळी मशीन सील करून परत जाताना स्वतःचं बोट कोरं. "त्या नवरीचा चेहरा मला लई वर्ष सुटला नाही," एवढंच म्हणतात.

दादाचं वेगळं आहे. तो अंबडला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवतो. 2023 च्या ऑगस्टअखेर अंतरवाली सराटीत उपोषण सुरू झालं, 1 सप्टेंबरला लाठीचार्ज झाला, आणि अख्खा तालुका दोन शब्द बोलायला लागला, आरक्षण आणि सरकार. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, तुझं काय म्हणणं? दादा डिस्प्ले बदलता बदलता म्हणायचा, आम्ही तटस्थ. मराठा गिऱ्हाईक रागवायचं, ओबीसी गिऱ्हाईक पण रागवायचं. तो म्हणतो मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की तटस्थ म्हणजे मधोमध असं नसतं, तटस्थ म्हणजे काठावर, आणि वाहून जाणारा माझा मित्र आहे. दुकानाचे शॉट आमच्याकडे भरपूर आहेत, सोल्डरिंगचा धूर, काउंटरवर लटकलेले चार्जर, आणि भिंतीवर आता संविधानाची उद्देशिका, मराठीत, फ्रेम केलेली.

ताई नर्स आहेत, संभाजीनगरला. त्यांनी गच्चीवर जो विषय काढला त्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. घर मातंग समाजाचं. वडील साक्षीदार झाले पण पोरांच्या टीसीवर हिंदू मांग तसंच ठेवलं, कारण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 ला म्हटलं की ही धर्माची अट काढा. ती निघाली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये निवृत्त सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. म्हणजे देव बदलला तरी वाड्यातली जागा बदलत नाही, पाणवठा बदलत नाही, पण सर्टिफिकेट बदलतं. "बाबा म्हणायचे आपण या जगाचे नाही," ताई म्हणतात, "पण तहसीलची रांग याच जगातली व्हती ना, आन् त्या रांगेत बाबा मला घेऊन चार तास उभे राहिले."

मराठवाड्याला ही गोष्ट नवीन नाही. जालन्याजवळ बेथेल म्हणून वस्ती आहे, ती एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवली, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेला माणूस, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि मांग-महार ख्रिस्त्यांना घरं, विहीर, शाळा दिली. म्हणजे देवाचं नाव घेऊन सरकारशी बोलला, जमिनीचा कागद करून घेतला. साक्षीदार पण त्यांच्या शाखा कार्यालयाला बेथेलच म्हणतात, देवाचं घर. ताईंना हे माहीत नव्हतं. आम्ही तिथं नेलं त्यांना, चर्चसमोर बराच वेळ उभ्या होत्या, तो शॉट आम्ही कापला नाही.

केरळचा विषय पण निघाला. 29 ऑक्टोबर 2023 ला कळमश्शेरीत साक्षीदारांच्या अधिवेशनात स्फोट झाले, माणसं मेली, आणि ज्याने पोलिसांसमोर येऊन मी केलं म्हणून सांगितलं तो स्वतः पूर्वी त्यांच्यातलाच असल्याचं म्हणाला, त्यांची शिकवण देशविरोधी आहे असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी मावशी रडत होत्या. अधिवेशनात दुपारच्या सुट्टीत डबे उघडतात, एकमेकांना भाजी वाढतात, त्यांना तेच डोळ्यासमोर येत होतं. चौघांचं एकमत फक्त या एकाच गोष्टीवर आहे, सोडलं म्हणजे वैर नाही, आणि मत न देणारा माणूस देशाचा शत्रू नाही.

सोडल्यावर काय झालं? मावशींची बहीण बोलत नाही, सरांच्या मुलाने लग्नाला बोलावलं नाही, ताईंची आई फोन उचलते पण कामापुरतं. याला बहिष्कृत म्हणायचे. 2024 मध्ये संस्थेने तो शब्द बदलला, आता मंडळीतून काढलेले म्हणतात, आणि सभेला आले तर साधा नमस्कार करायला हरकत नाही असंही सांगितलंय. साक्षीदारांच्या सभागृहात आम्ही शूटिंग केलेलं नाही.

[मतदान केंद्राबाहेर, 20 नोव्हेंबर]

मावशींनी उन्हाळ्यानंतर मतदार यादीत नाव घालायचा नमुना सहा भरला, बीएलओ म्हणजे यादीचं काम बघणाऱ्या गावातल्याच अंगणवाडीच्या बाई, त्यांनी वय बघून दोनदा विचारलं की या आधी कुठं होतं नाव, मावशी म्हणाल्या कुठंच नव्हतं. आधार, फोटो, सही. मतदार कार्ड पोस्टाने आलं तेव्हा त्यांनी ते बायबलात ठेवलं. बायबल सोडलेलं नाही, रोज वाचतात.

सकाळी साडेआठला शाळेच्या गेटपाशी आम्ही थांबलो, आत कॅमेरा चालत नाही. मावशी निळ्या साडीत रांगेत, हातात चिठ्ठी घट्ट धरलेली. बाहेर आल्या त्या पंचवीस मिनिटांनी.

"बटन दाबलं, लाल लाईट लागली, आन् शेजारच्या काचेत चिठ्ठी दिसली. मला वाटलं लगेच पडंल. पण ती थांबली."

सात सेकंद थांबते ती. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग कापून खाली पडते.

"मी वाचली पूर्ण. मग परत वाचली."

कोणाला दिलं ते आम्ही विचारलं नाही. सर लांब लिंबाखाली उभे होते, ते आले आणि त्यांनी काही न बोलता मावशींचं बोट हातात धरून शाई नीट लागलीय का ते बघितलं, सवयीने, आडवं धरून, उन्हाकडे करून.

[कापसाचं रान, डिसेंबर]

तीन आठवड्यांनी शेवटची वेचणी चालू होती तेव्हा आम्ही परत गेलो. कातडीवरची शाई गेली होती. नखावरची होती, मुळाशी पांढरी चंद्रकोर मोकळी झालेली, रेघ वर सरकलेली. मावशींनी नख कापलं नव्हतं.