मानुएल कार्दोना आणि संशोधनाची मोजदाद

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काम करणाऱ्यांना ‘स्पेक्ट्रो’ हा शब्द नवा नाही. वितळलेल्या लोखंडाचा नमुना घ्यायचा, तो गार करून घासायचा, मशीनवर ठेवून ठिणगी पाडायची. त्या ठिणगीच्या उजेडावरून कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगेनीज किती, हे लगेच कळतं. पण त्या ठिणगीत धातूचे अणू सुटे होतात आणि मग चमकतात. आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे, त्यांनी आयुष्यभर वेगळा प्रश्न धरून ठेवला. अणू सुटे न करता, पदार्थ आहे तसाच घन ठेवून त्यावर प्रकाश टाकला, तर आतलं काय काय कळेल?

त्यांचं नाव मानुएल कार्दोना. जन्म १९३४ साली बार्सिलोनाचा. पीएचडी अमेरिकेत, हार्वर्डला. पुढे तिथल्याच ब्राउन विद्यापीठात प्राध्यापक, आणि १९७१पासून जर्मनीत श्टुटगार्टच्या मॅक्स प्लांक घनस्थिती संशोधन संस्थेचे एक संस्थापक संचालक. जन्मभूमी कॅटलान भाषेची, नोकरी जर्मनांच्या देशात, लेखन मुख्यतः इंग्रजीत. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी असं रोज जगणाऱ्या आपल्या सीमाभागाला ही ओढाताण समजावून सांगायला नको. २०१४ साली ते गेले.

त्यांचं मुख्य हत्यार आपल्याच देशात सापडलेलं आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात सर सी. व्ही. रामन यांनी जो परिणाम जगापुढे आणला, तोच. पदार्थातले अणू सतत थरथरत असतात. प्रकाशाचा एखादा कण त्या थरथरीला थोडी ऊर्जा देऊन बाहेर पडतो आणि त्याचा रंग किंचित बदलतो. असा कण फार विरळा, कोटीत एखादा. १९६० साली लेसर आला, तसा घन पदार्थांतला हा क्षीण प्रकाश पकडणं आवाक्यात आलं, आणि कार्दोनांच्या पिढीने ते काम हाती घेतलं.

सिलिकॉनचं उदाहरण घेतो. रामन पट्टात, म्हणजे रंग बदललेल्या या प्रकाशाच्या आलेखात, सिलिकॉनची एक ठळक रेषा ५२०च्या आसपास (प्रति सेंटिमीटर या एककात) दिसते. १९७० साली कार्दोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या स्फटिकावर एका दिशेने दाब देऊन ही रेषा कशी हलते ते मोजलं. स्फटिक दाबला की ती वर सरकते, ताणला की खाली. कोणत्या दिशेच्या किती ताणाला किती सरकते, याचं गणित त्यांनी मांडलं. त्या वेळी हे निव्वळ भौतिकशास्त्राचं कुतूहल होतं. तीसेक वर्षांनी चिप बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की सिलिकॉन मुद्दाम ताणला तर त्यातून विद्युतकण अधिक वेगाने धावतात. २००३च्या सुमारास अशा ताणलेल्या सिलिकॉनच्या चिप बाजारात आल्या. पण ताण नेमका किती बसला, हे चिप न फोडता बघायचं कसं? लेसरचा बारीक ठिपका टाकून, त्या रेषेचं सरकणं मोजून. श्रोतेहो, तुमच्या खिशातल्या मोबाईलच्या घडणीत १९७०च्या त्या मोजमापाचा वाटा आहे, आणि मला हे फार मोठं वाटतं.

उतारवयात त्यांनी आणखी एक सुंदर काम केलं. एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, म्हणजे समस्थानिक, वेगळे करून वाढवलेले स्फटिक त्यांनी अभ्यासले. जड अणू हळू थरथरतात, हे कुणीही सांगेल. पण अणूचं वजन बदललं की पदार्थाचे प्रकाशाशी आणि विजेशी निगडित गुणही किंचित बदलतात, आणि त्यावरून अतिशीत अवस्थेतही न थांबणारी अणूंची थरथर मोजता येते. हिऱ्यात हा परिणाम चांगलाच मोठा आहे.

आता मोजदादीकडे वळू. कार्दोनांचे हजाराहून अधिक शोधनिबंध आहेत. २००५ साली कॅलिफोर्नियातल्या होर्हे हिर्श यांनी संशोधकाच्या कामाचा प्रभाव मोजायला ‘एच-निर्देशांक’ सुचवला. तुमचे दहा निबंध असे असतील की प्रत्येकाचा किमान दहांनी संदर्भ दिला आहे, तर तुमचा निर्देशांक दहा. हिर्श यांच्या त्या पहिल्याच लेखात कार्दोनांचा आकडा ८६ आहे, आणि स्टीफन हॉकिंग यांचा ६२. म्हणून कार्दोना हॉकिंगपेक्षा थोर ठरतात का? नाही. घन पदार्थांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगभर असंख्य आहेत, तिथे संदर्भही भरपूर पडतात. कृष्णविवरांचं तसं नाही. हा आकडा एका शाखेपुरता थोडाफार उपयोगी आहे. दोन शाखांची तुलना त्याने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतः कार्दोनांनीही वेर्नर मार्क्स या सहकाऱ्याबरोबर संदर्भांच्या या हिशेबाचा अभ्यास केला होता.

आणि काही काम इतकं मुरतं की संदर्भ देणंच थांबतं. आज रामन पट्ट वापरणारे किती जण १९२८च्या मूळ निबंधाचा संदर्भ देतात? फार थोडे. तो प्रभाव कोणत्याच निर्देशांकात उतरत नाही.

खानापूर, निपाणी, चिकोडीहून बेळगावात एमएस्सी किंवा पीएचडीला येणाऱ्या मुलामुलींना एक कळकळीने सांगतो. किती निबंध छापून आले, हे तुम्हाला विचारलं जाईल, तुम्हीही एकमेकांना विचाराल. त्याबरोबर हेही करून पाहा. सिलिकॉनच्या ताणावरचा तो १९७०चा निबंध शोधा, मग त्याचा संदर्भ देणारे चार-पाच नवे निबंध उघडा आणि प्रत्येकाने त्यातलं नेमकं काय उचललं ते वहीत लिहा. कुणी एखादा गुणांक घेतला असेल, कुणी मोजण्याची रीत, कुणी नुसतं नाव. हे वेगळं काढताना अडलात तर तुमच्या सरांना, मॅडमना विचारा, आणि त्यांच्याबरोबर बसून हा निबंध पुन्हा वाचा.

नमस्कार.