अंगाने ओढायचं धनुष्य

[पडद्यावर: धनुर्धराची पाठ, अगदी जवळून]

दंडाकडे नको, पाठीकडे बघा. दोरीवरचा उजवा हात जवळजवळ जागचा हलत नाही. अंगाचा सगळा भार डाव्या बाजूने धनुष्याच्या दांड्यावर जातोय. नवशिका नेमका उलटं करतो. हाताने खेचतो आणि दहा बाणांत दमतो.

ही रीत 1549 साली एका म्हाताऱ्या पाद्र्याने इंग्लंडच्या अकरा वर्षांच्या राजाला, सहाव्या एडवर्डला, भर प्रवचनात सांगितली. त्याचं नाव ह्यू लॅटिमर.

[लेस्टरशायर, थर्कास्टन: शेतं, मेंढरं]

लॅटिमर इथला. वडील कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसायचे. वर्षाचा खंड तीन-चार पौंड, शंभर मेंढरांपुरतं रान, आणि आई तीस गाईंचं दूध काढायची. ही बेरीज त्यानेच सांगितलेली. बापाने पोराला धनुर्विद्या शिकवली. पहिलं धनुष्य त्याच्या वयाला आणि ताकदीला झेपेल असं. पोर वाढलं की धनुष्यही वाढायचं. लहानपणापासून हात बसल्याशिवाय नेम बसत नाही, असं तो म्हणायचा.

[कार्यशाळा: यूच्या लाकडावर रंधा]

यू हे इंग्लिश धनुष्यांचं झाड. त्याच्या एकाच दांड्यात दोन रंग दिसतात. फिकट बाजू बाहेर, ती ताण सोसते. तांबूस गाभा आत, तो दाब सोसतो. जोड नाही, सरस नाही. 1545 साली बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्लिश युद्धनौकेतून अशी शंभरावर धनुष्यं अख्खी निघाली. त्यांतली बरीच शंभर पौंडांहून जास्त ओढीची असावीत, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढ्या वजनाइतका जोर लागायचा. आज क्लबात आपण चाळीसवर खूश असतो!

[विल्टशायर, वेस्ट किंग्टन: दगडी चर्च, पलीकडे रोमन रस्ता]

1531 पासून लॅटिमर या खेड्याचा पाद्री. अर्ध्या मैलावर रोमनांचा फॉस वे. मूर्तींच्या दर्शनाला या रस्त्याने लोकांच्या झुंडी जातात, अशी त्याची पत्रातली कुरकूर. पुढे तो बिशप झाला, आणि 1539 मध्ये पद सोडून मोकळाही झाला.

एडवर्डच्या वडिलांचा, आठव्या हेन्रीचा, कायदा होता: सात ते सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी घरात एक धनुष्य आणि दोन बाण हवेत. साठीच्या आतल्या धडधाकट पुरुषांनी सराव करायचा. यातून पाद्र्यांना सूट! तरी एडवर्ड राजापुढे सूट असलेला लॅटिमरच बोलला: लोक मैदान सोडून गावात ढोसत बसलेत, न्यायाधीश कायदा पाळायला लावत नाहीत, त्यांना ताकीद द्या.

[ऑक्सफर्ड, ब्रॉड स्ट्रीट: डांबरी रस्त्यात दगडांचा क्रूस]

एडवर्डनंतर आलेल्या कॅथलिक मेरी राणीच्या काळात, 16 ऑक्टोबर 1555 रोजी, प्रोटेस्टंट धर्ममतांसाठी लॅटिमरला इथे जाळलं.

[मैदान: लहान मुलगी, हातात नवं धनुष्य]

हिचं जुनं धनुष्य आता धाकट्या भावाकडे गेलंय. हे चार बोटं उंच आहे. बाण लक्ष्याच्या अलीकडेच गवतात रुततोय.