वास डोक्यात जातो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

लिफ्टचं दार उघडतं. आत कुणी नसतं, पण नुकत्याच उतरून गेलेल्या माणसाच्या सेंटचा घमघमाट मागे राहिलेला असतो. माझी मोठी बहीण दारातच थबकते. घाईत आत शिरलीच, तर वर पोहोचेपर्यंत तिचा घसा बसतो, डोळे चुरचुरतात. मग दुपारभर डोकं इतकं जड होतं की साधी बेरीज जुळत नाही. रक्ताच्या तपासण्या झाल्या, छातीचा एक्स-रे झाला. सगळं व्यवस्थित. "तुम्हाला काहीही झालेलं नाही," असं तिला एका दवाखान्यात सांगितलं, त्या दिवशी ती घरी येऊन रडली. म्हणून आज मला हा विषय बोलायचा आहे.

या त्रासाला 'मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी' म्हणतात. म्हणजे बाकीच्यांना जाणवतही नाहीत इतक्या थोड्या रसायनांनी त्रास होणं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे डॉ. मार्क कलेन यांनी १९८७ साली हे नाव रूढ केलं. तक्रार मात्र जुनीच. शिकागोचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ थेरॉन रँडॉल्फ १९५०च्या दशकातही असे रुग्ण पाहत होते. त्रास एका वस्तूपुरता राहत नाही. आधी ताजा रंग, मग फरशी पुसायचं द्रव, मग छापील कागद, असं वाढत जातं. डोकेदुखी, मळमळ, खोकला, घेरी, धडधड, विसराळूपणा एकत्र येतात आणि त्या जागेपासून दूर गेलं की उतरतात.

ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे, त्यामुळे अ‍ॅलर्जीच्या चाचणीत ती सापडत नाही. वासासाठी नाकात एक मज्जातंतू असतो. झोंबणं, चुरचुरणं कळवणारा दुसरा, ट्रायजेमिनल. काही संशोधकांच्या मते ही धोक्याची घंटाच जास्त हळवी होते. आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. वास झाकून केलेल्या प्रयोगांत अनेक रुग्णांना रसायन कोणतं आणि स्वच्छ हवा कोणती, हे ओळखता आलेलं नाही. यावरून कुणी "मनाचे खेळ" म्हणून मोकळं होतं. मला ते पटत नाही. मेंदूने आधीच धोका ताडला तरी दुखतं ते डोकं खरंच दुखतं. त्या माणसाची बाजू घ्यायला एवढं पुरेसं आहे.

शिवाय हवेत खरोखर काही असतंच. नव्या प्लायवूडच्या कपाटाचं दार उघडून पाहा. डोळ्यांना झोंबतं ते बहुतेकदा डिंकातून सुटणारं फॉर्मल्डिहाइड. उकाडा आणि दमटपणा वाढला की ते जास्त सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी त्याची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम घातली आहे. तेव्हा नवं फर्निचर आल्यावर निदान काही दिवस खिडक्या सताड उघड्या ठेवा, आणि जमलं तर त्या खोलीत झोपू नका.

डॉक्टरांकडे मात्र जा. दमा, मायग्रेन, त्वचेची अ‍ॅलर्जी यांचीही लक्षणं अशीच दिसतात आणि त्यांवर औषध आहे. जाताना वही न्या. कधी, कुठे, कशाच्या वासाने, किती वेळ, हे लिहिलेलं असेल तर डॉक्टरांनाही धागा सापडतो. शरीरातलं विष काढून देतो म्हणणाऱ्या महागड्या उपचारांपासून दूर राहा. आणि घाबरून एकेक गोष्ट सोडत घरात कोंडून घेऊ नका. माझ्या बहिणीनं दीड वर्ष तसं काढलं. तेव्हा त्रास कमी झाला नाही, माणसं मात्र कमी झाली.

खरेदी करताना लेबल नीट वाचा. 'अनसेंटेड' लिहिलेल्या वस्तूतही मूळ वास झाकायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. 'फ्रॅगरन्स-फ्री' शोधा. ब्लीच कधीही अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो कुणालाही बाधतो.

बहिणीच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंनी एके दिवशी तिला विचारलं, "माझ्या अत्तराने तुम्हाला त्रास होतो का हो?" तिने संकोचत हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या अत्तर न लावता येऊ लागल्या. संध्याकाळी बहिणीनं मला फोन केला, तर बराच वेळ ती त्या ताईंबद्दलच बोलत होती.

नमस्कार.