ब्लूजचा इतिहास कुणी निवडला?

मंडळी, ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेलं संगीत, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तिथल्या मिसिसिपी राज्याच्या धुळीतून गिटार घेऊन चाललेला एकटा पुरुष येतो. हे चित्र आपल्या मनात रुजवलं ते नंतरच्या संग्रहांनी आणि माहितीपटांनी. हे संग्रह मला अतिशय प्रिय आहेत. त्यांच्याशिवाय हे संगीत माझ्यापर्यंत पोचलंच नसतं. म्हणूनच त्यांत कोण आलं आणि कोण मागे पडलं, हे बोलायला हवं.

ऑगस्ट १९२० मध्ये मॅमी स्मिथ या गायिकेने न्यूयॉर्कमध्ये ‘क्रेझी ब्लूज’ गायलं. त्याची ग्रामोफोन तबकडी तुफान खपली आणि कृष्णवर्णीय ग्राहकांची केवढी मोठी बाजारपेठ आहे, हे कंपन्यांना उमगलं. पुढची काही वर्षं गाजवली ती बायकांनी: मा रेनी, बेसी स्मिथ, आयडा कॉक्स. गिटारवाले पुरुष मागाहून आले.

आता पॅरामाउंट ही कंपनी घ्या. विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची ही कंपनी. कारखाना ग्रामोफोनची कपाटंही बनवायचा, त्याला जोड म्हणून तबकड्या. माल हलका, त्यामुळे नव्या कोऱ्या तबकडीलाही खरखर. तरी मा रेनी, ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, स्किप जेम्स हे सगळे इथेच गायले. महामंदीत, १९३२ मध्ये ध्वनिमुद्रण थांबलं आणि धातूचे मूळ साचे भंगारात गेले. म्हणजे आज आपण पॅटन ऐकतो तो कुणाच्या तरी घरात वाजून वाजून झिजलेल्या तबकडीवरून. या तबकड्यांमधली लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची, हेही सांगून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात ती मिळेनाशी झाली, तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून त्यांचा चुरा नव्या तबकड्यांसाठी वापरला गेला. त्यात काय काय गेलं असेल!

त्यातून जे वाचलं, त्यातलं काही हॅरी स्मिथसारख्या संग्राहकांच्या हाती लागलं. १९५२ साली फोकवेज या तबकड्यांच्या कंपनीने त्याच्या संग्रहातली ८४ ध्वनिमुद्रणं सहा लाँगप्ले तबकड्यांवर आणली. गायक गोरा की काळा, हे त्याने मुद्दामच छापलं नाही. मला हा निर्णय फार मोठा वाटतो, कारण कंपन्यांनी याच रंगावरून याद्या वेगळ्या ठेवल्या होत्या. या संचात मिसिसिपी जॉन हर्ट या गायकाची १९२८ मधली दोन गाणी होती. हा माणूस कोण, कुठला, कुणालाच पत्ता नव्हता. पण त्याच्या दुसऱ्या एका गाण्यात अ‍ॅव्हलॉन या आपल्या गावाचा उल्लेख होता. तेवढ्या धाग्यावरून १९६३ मध्ये एक तरुण चाहता मिसिसिपीत पोचला. सत्तरीचा हर्ट तिथेच होता, शेतावर राबत. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला.

मिसिसिपीचाच गिटारवादक गायक रॉबर्ट जॉन्सन, त्याच्या वाट्याला हे आलं नाही. १९३६ आणि ३७ मध्ये २९ गाणी गाऊन तो पुढच्याच वर्षी, २७ व्या वर्षी गेला. १९६१ च्या कोलंबिया कंपनीच्या तबकडीने त्याला ‘राजा’ केलं आणि १९९० चा संच लाखोंच्या घरात खपला. त्याचं गिटारवादन थक्क करणारंच आहे. पण त्याच्या हयातीत त्याचं नाव बेसी स्मिथच्या पासंगालाही पुरलं नसतं. साठच्या दशकातल्या तरुण गोऱ्या संग्राहकांना एकाकी, गूढ नायक हवा होता. मखमली पोशाखात, वाद्यवृंदासह रंगमंच गाजवणारी बाई त्या चौकटीत बसेना.

२००३ मध्ये चित्रपट दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीच्या पुढाकाराने ब्लूजवरच्या सात माहितीपटांची मालिका आली, प्रत्येक भाग वेगळ्या दिग्दर्शकाचा. स्वतः स्कॉर्सेसी मिसिसिपीतून आफ्रिकेतल्या मालीपर्यंत, तिथला गिटारवादक अली फार्का तुरेपर्यंत जातो. विम वेंडर्सचा भाग देखणा आहे. मला मात्र सर्वांत जवळचा वाटतो चार्ल्स बर्नेटचा. आईकडची भक्तिगीतं आणि काकाचे ब्लूज यांत सापडलेल्या मुलाची ती गोष्ट, आणि तिच्यात या गायिकांना त्यांची जागा मिळते.

तर आता तबकड्या लावू. आधी मा रेनी, मग पॅटन. खरखरीसकट ऐका.