शुक्रवारी रजा, सोमवारी रुजू

31 ऑगस्ट. स्पेनच्या किनाऱ्यावर हॉटेलं अजून गजबजलेली आहेत, पण आत वेटरांचे हिशेब चुकते होतायत. हंगाम सरला, काम सरलं. दरवर्षी या एका दिवसात तिथल्या सामाजिक सुरक्षेच्या नोंदीतून लाखो नावं गळतात.

आपल्या एमआयडीसीत याला ‘ब्रेक’ म्हणतात. 240 दिवस भरायच्या आत पोराला घरी बसवायचं, मग पुन्हा बोलवायचं. स्पेनमध्ये तर शुक्रवारी करार संपवून सोमवारी नवा करायची रीतच पडली होती. तेवढाच शनिवार-रविवारचा खर्च वाचला!

ही रीत पडली कशी? 1980 च्या कामगार कायद्यात कायम नोकरी भक्कम होती. बेकायदा काढलं, तर नोकरीच्या दर वर्षामागे 45 दिवसांचा पगार भरपाई. पुढे बेकारी 20 टक्क्यांच्या आसपास गेली. 1984 मध्ये सरकारने कायम नोकरीला हात न लावता शेजारी दुसरं दार उघडलं, तात्पुरत्या कराराचं. दहाएक वर्षांत तीन नोकरदारांमागे एक जण टेम्पररी झाला.

मग 2008 आलं आणि बांधकामाचा फुगा फुटला. मालकाने आधी कुणाला काढलं? ज्याला काढायला जवळपास काहीच लागत नव्हतं, त्याला. 2007 मध्ये 8 टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी 2013 च्या सुरुवातीला 26 च्या वर गेली. साठ लाखांहून जास्त माणसं. पंचविशीच्या आतले काम शोधणारे तर निम्म्याहून जास्त रिकामे. एकाच घरात बाप परमनंट आणि पोरगा बेकार, असं चित्र.

कायदा कडक म्हणून बेकारी, असं लगेच म्हणू नका. कामावरून काढण्याचा कायदा जर्मनीतही कडक आहे, 1951 पासून. 2009 मध्ये तिथली अर्थव्यवस्था 5 टक्क्यांहून जास्त आकसली, पण बेकारी जेमतेम हलली. कारखान्यांनी माणसं न काढता तास कापले. बुडालेल्या पगारापैकी 60 टक्के, मुलंबाळं असतील तर 67 टक्के, बेकारी विम्याच्या निधीतून मिळाले. ऐन मंदीत साधारण 15 लाख कामगार असे ‘कुर्त्सआर्बाइट’वर होते. जर्मनीत घरबांधणीचा फुगा नव्हता, हेही खरंच. पण मला खटकतं ते स्पेनचं कडक असणं नव्हे. तो कडकपणा एकाच दाराला होता, ते.

2012 मध्ये स्पेनने भरपाई 33 दिवसांवर आणली. दुसऱ्या दाराला कुलूप लागलं ते डिसेंबर 2021 च्या सुधारणेने. तीही फेब्रुवारी 2022 मध्ये संसदेत एका मताने तरली, कारण विरोधी बाकावरच्या एका खासदाराचं ऑनलाइन मत चुकून बाजूने पडलं!

बेकारी अजून 10 टक्क्यांच्या आसपास आहे, युरोपात फार वरची. हंगामी वेटर आता ‘फिहो दिस्कोन्तिनुओ’, म्हणजे कायम, पण खंडित. हंगाम आला की त्याला बोलवावंच लागतं. मधल्या रिकाम्या महिन्यांत सरकार त्याला नोंदणीकृत बेकारांच्या आकड्यात धरत नाही, यावरून तिथे वाद पेटलेला आहे.

31 ऑगस्टचा हिशेब आजही होतो. या वेटरच्या करारावर शेवटची तारीख तेवढी नसते.