हौशी कॅप्टन

नमस्कार श्रोतेहो. बाहेर ऊन मी म्हणतंय, आणि मी सोलापुरात बसून गोल्फवर बोलणार आहे. हसू नका. गोट्या तर आपण सगळेच खेळलोय ना? गल खणायची, लांबून गोटी आत घालायची. गोल्फही मुळात तेवढाच. अठरा गली, एकेक सव्वाचार इंच रुंद. कमीत कमी फटक्यांत चेंडू आत घालेल तो जिंकला. आणि कुणी बघत नसताना गोटी हळूच सरकवायची सोय दोन्हीकडं! आमच्या बोळात या कलेत मी वाकबगार होतो. म्हणून तर मला बॉबी जोन्सचं अप्रूप.

हा अटलांटाचा, जन्म 1902 चा. पेशानं वकील, खेळाडू हौशी. 'हौशी' म्हणजे कच्चा, असं कुणी म्हटलं तर आपल्या राज्य नाट्यस्पर्धेतल्या मंडळींना विचारा. दिवसभर नोकरी, रात्री तालीम, वर पदरमोड. जोन्सही बक्षिसाची रक्कम घेत नसे. तरी 1923 ते 1930 या काळात त्यानं 13 मोठ्या स्पर्धा मारल्या. त्यातल्या चार एकट्या 1930 मध्ये: ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडच्या खुल्या (म्हणजे हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही मोकळ्या) आणि फक्त हौशींच्या. मग अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांना रामराम!

पोरवयात मात्र भलताच तापट. 1921 साली स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला चेंडू वाळूत रुतला, तसा पठ्ठ्यानं तो उचलला आणि स्पर्धाच सोडली. चक्क रडीचा डाव.

आता 1925 ची अमेरिकन खुली स्पर्धा. गवतात फटक्याच्या तयारीत असताना चेंडू किंचित हलला. पाहिला फक्त त्यानंच. पंचांनी विचारपूस केली, कुणालाच काही दिसलं नव्हतं. निर्णय त्याच्यावरच सोडला. त्यानं दंड म्हणून स्वतःवर एक फटका चढवून घेतला. शेवटी विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत जोन्स एका फटक्यानं हरला. लोक कौतुक करायला लागले तर हा वैतागला. बँक लुटली नाही म्हणून कुणाची पाठ थोपटतात का, असा त्याचा सवाल!

अशा माणसाकडं 1928 आणि 1930 मध्ये अमेरिकेच्या वॉकर चषक संघाचं कप्तानपद आलं. समोर ब्रिटन-आयर्लंडचे हौशी खेळाडू. निकाल 11-1 आणि 10-2. कप्तान स्वतः खेळून जिंकत होता, त्यामुळं संघाला भाषणं देण्याची गरज फारशी पडली नसावी.

पुढं मज्जारज्जूच्या आजारानं 1948 मध्ये खेळणंच थांबलं. पण 1958 मध्ये सेंट अँड्र्यूजला हौशी संघांची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा अमेरिकेचा कॅप्टन म्हणून तोच गेला, विजेच्या गाडीत बसून. डाव सोडून गेलेल्या त्या पोराला गावानं मानद नागरिकत्व दिलं. त्याच्या संघाची ऑस्ट्रेलियाशी बरोबरी झाली. जादा फेरीत अमेरिका हरली, दोन फटक्यांनी.