वाकणाऱ्या बीमवर सरकणारा जॉइंट

[दृश्य: दोन टेकूंवर आडवी ठेवलेली पोलादी पट्टी. तिच्यावरून एक ठोकळा सावकाश सरकतो आहे.]

ही पोलादी पट्टी २ मीटर लांब, ४० मिमी रुंद आणि १० मिमी जाड आहे. दोन्ही टोकं साध्या टेकूंवर. वर बसवलेला स्लायडर २ किलोचा. तो मधोमध पोचला की पट्टी त्याच्या भारानं ४.६७ मिमी खाली जाते. पट्टीला स्वतःच्या वजनानंही बाक येतो, पण हिशोब सुटसुटीत राहावा म्हणून तो आपण बाजूला ठेवतो आहोत.

एवढा बाक डोळ्यांना जेमतेम दिसतो. संगणकावर हीच हालचाल मांडली की मात्र हे असं दिसतं.

[दृश्य: बलाचा आलेख. १९.६ न्यूटनच्या आसपास एक रेष आणि ठरावीक अंतरानं उठणारे उभे सुळके.]

स्लायडर आणि पट्टी यांच्यातल्या बलाचा हा आलेख आहे. हे सुळके पट्टीचे की आपल्या मॉडेलचे? ते मॉडेलचे असतील आणि कुणी त्यांच्यावरून बेअरिंग निवडलं, तर निवड चुकणार. ते खरे असतील आणि कुणी ते फिल्टरनं पुसून टाकले, तर त्याहून वाईट.

बीम, म्हणजे ही पट्टी, दृढ (न वाकणारा) असता तर प्रश्न आलाच नसता. दृढ मार्गावरचा सरकता जॉइंट सहापैकी पाच हालचाली बंद करतो आणि एक मोकळी ठेवतो. सरकण्याची दिशा बीमला कायमची जखडलेली असते. वाकणाऱ्या बीमवर ती दिशा जागोजागी वेगळी, क्षणोक्षणी बदलणारी, आणि ती बदलतो तो खुद्द स्लायडरच. रस्ता गाडीला वळवतो आणि गाडी रस्त्याला वाकवते.

हा प्रश्न रेल्वेइतकाच जुना आहे. २४ मे १८४७ रोजी इंग्लंडमध्ये चेस्टरजवळ डी नदीवरचा बिडाचा रेल्वेपूल गाडी जात असताना कोसळला आणि पाच जण दगावले. त्यानंतर नेमलेल्या आयोगासाठी रॉबर्ट विलिस यांनी लोखंडी पट्ट्यांवरून वजनदार गाडे पळवून पाहिले. तेच वजन स्थिर ठेवल्यावर पट्टी जितकी वाकते, त्याहून ती धावत्या वजनाखाली जास्त वाकू शकते, हे त्यातून दिसलं. जॉर्ज स्टोक्स यांनी १८४९ मध्ये त्याचं समीकरण सोडवलं, तेही बीमचं वस्तुमान सोडून देऊन. आज ते वस्तुमान, मोठे बाक, तिन्ही दिशांची हालचाल, सगळं धरता येतं. मूळ गोष्ट तीच आहे.

[दृश्य: बीमच्या मध्यरेषेवर एक बिंदू. डाव्या टोकापासून त्याच्यापर्यंतची लांबी रंगत जाते.]

मांडणीची सुरुवात एका जास्तीच्या अज्ञातानं होते. स्लायडर बीमवर नेमका कुठे आहे, हे सांगणारी बीमच्या रेषेवरची लांबी. तिला ‘एस’ म्हणू. स्लायडरचा बिंदू आणि बीमवरचा ‘एस’ इथला बिंदू एकच असले पाहिजेत, हे आपलं बंधन. त्रिमितीत त्याची तीन समीकरणं होतात. तीन समीकरणं आली आणि एक अज्ञात वाढलं, म्हणजे स्थानाच्या दोन हालचाली बंद झाल्या. स्लायडरनं बीमभोवती गिरकीही घ्यायची नसेल तर वळण्याची तीन बंधनं वाढवायची. गिरकी चालणार असेल तर दोन. बॉलसारखा मोकळा असेल तर एकही नाही. हे आधीच ठरवावं. पुढे सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, अडला की घाईघाईत एखादं बंधन काढून पाहिलं जातं, आणि मग मॉडेल चालतं, पण ते दुसऱ्याच यंत्राचं.

‘एस’ला वस्तुमान नाही. त्यामुळे त्याच्या वाट्याचं गतीचं समीकरण एका वाक्यात मावतं: बंधनाच्या बलाला स्पर्शरेषेच्या दिशेनं घटक नाही. घर्षणाविना सरकणं म्हणजे नेमकं हेच. घर्षण हवं असेल तर ते या समीकरणाच्या उजव्या बाजूला येऊन बसतं. वस्तुमान नसल्यामुळे वस्तुमान-मॅट्रिक्समध्ये, म्हणजे सगळ्या अज्ञातांची वस्तुमानं मांडलेल्या तक्त्यात, या ओळीत शून्यं येतात. मॅट्रिक्स उलटवता येईल असं धरून लिहिलेला सॉल्व्हर इथेच थांबतो.

सुरुवातीची किंमतही अंदाजानं टाकून भागत नाही. स्लायडरच्या बिंदूपासून बीमवर लंब टाकायचा, न्यूटनच्या पद्धतीनं, म्हणजे अंदाज फेरीफेरीनं सुधारत, ‘एस’ काढायचा आणि त्याचा वेग बंधनाच्या वेग-समीकरणातून घ्यायचा. हे टाळलं की पहिल्याच टाइमस्टेपला (हिशोब वेळेत ज्या छोट्या पायऱ्यांनी पुढे जातो, त्यातल्या पहिलीला) बलाचा जो झटका बसतो, त्यानं बीम पुढे बराच वेळ थरथरत राहतो.

आता त्वरण. सरकणाऱ्या बिंदूचं त्वरण चार पदांनी बनतं. बीमचा तो बिंदू स्वतः हलतो, त्याचं त्वरण. स्लायडर बीमच्या रेषेत वेग घेतो, त्याचं. बीमचा उतार बदलत असताना स्लायडर पुढे जातो, त्याचं कोरिओलिस पद. आणि चौथं, सरकण्याच्या वेगाचा वर्ग गुणिले वक्रता, म्हणजे तिथे रेष किती झपाट्यानं वळते ते. सरकतं बल नुसतं एका नोडवरून (मॉडेलमध्ये बीमचे तुकडे जिथे जुळतात त्या बिंदूवरून) पुढच्या नोडवर टाकत नेलं तर शेवटची पदं गळतात. आपल्या पट्टीवर मधोमध भार असताना तिथली वक्रता मीटरला ०.०१४ येते. स्लायडर सेकंदाला २ मीटर जात असेल तर चौथं पद ०.०५६ मीटर प्रति सेकंद वर्ग, सोडून दिलं तरी चालेल इतकं. वेग २० मीटर केला आणि बाक तेवढाच राहिला असं धरलं, तर तेच पद ५.६ होतं, गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याहून जास्त. या पट्टीचा क्रांतिक वेग (ज्या वेगानं भार पट्टीच्या पहिल्या कंपनाच्या अर्ध्या आवर्तनात ती पार करतो, तो) सेकंदाला सुमारे २३.४ मीटर आहे. त्याच्या आसपास तर स्थिर बाकाचा आधार घेताच येत नाही.

[दृश्य: बीमची रेषा जवळून. ती गुळगुळीत नसून सरळ तुकड्यांची माळ आहे.]

आता सुळक्यांकडे. पट्टी २५० मिमीच्या आठ एलिमेंटमध्ये, म्हणजे तुकड्यांमध्ये, विभागली आहे. एलिमेंट रेषीय असतील, म्हणजे दोन नोडमधलं अंतर सरळ रेषेनं जोडणारे असतील, तर प्रत्येक नोडवर स्पर्शरेषा एकदम वळते. मधल्या नोडवर हे वळण सुमारे ०.००३५ रेडियन आहे, एका अंशाच्या पाचव्या भागाएवढं. सेकंदाला २ मीटर वेगानं येणाऱ्या स्लायडरचा उभा वेग तिथे क्षणात ०.००७ मीटर प्रति सेकंदानं बदलावा लागतो. वस्तुमान २ किलो, म्हणून आवेग (बल गुणिले वेळ) ०.०१४ न्यूटन-सेकंद. नोड जागचा हलला नाही असं धरलं आणि टाइमस्टेप १ मिलिसेकंद असला, तर आलेखावर १४ न्यूटनचा सुळका उठतो. स्लायडरचं सगळं वजन १९.६ न्यूटन आहे, हे लक्षात घ्या.

आणि इथे भलेभले फसतात. सुळका दिसला की टाइमस्टेप बारीक करायचा, ही हाताला लागलेली सवय. टाइमस्टेप दहापट बारीक केला की तोच आवेग दहापट कमी वेळात बसवायचा असतो, म्हणून सुळका १४० न्यूटनकडे धावतो. टाइमस्टेप बारीक केल्यावर एखादं उत्तर वाढतच गेलं, तर दोष वेळेच्या विभागणीत शोधू नका. तो भूमितीत आहे.

यावर उपाय म्हणजे नोडवर उतार अखंड ठेवणारे एलिमेंट: घन हर्मिट बहुपदीचे, किंवा अहमद शबाना यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या निरपेक्ष नोडल निर्देशांक पद्धतीचे, ज्यात नोडवरचे उतार हेच अज्ञात असतात. उतार अखंड झाला की आवेग नाहीसा होतो. वक्रता मात्र नोडवर अजूनही उडी मारते, म्हणून सुळक्याच्या जागी छोटी पायरी उरते. कमी वेगात ती दिसतही नाही.

हर्मिट एलिमेंटची एक खोड आहे. भार नोडवर असेल तर स्थिर बाक अचूक येतो. एलिमेंटच्या पोटात असेल तर बीम खऱ्यापेक्षा ताठ वागतो. पट्टीचे दोनच एलिमेंट केले आणि स्लायडर पाव अंतरावर ठेवला, तर खरा बाक २.६३ मिमी असतो आणि मॉडेल ०.१४६ मिमी कमी दाखवतं. भार एलिमेंटच्या मधोमधच ठेवून एलिमेंट दुप्पट केले की या प्रकारची चूक आठपट घटते. चार एलिमेंटना ०.०१८ मिमी, आठांना ०.००२३ मिमी.

मोड, म्हणजे पट्टीच्या नैसर्गिक कंपनाचे आकार, वापरणाऱ्यांनीही सावध राहावं. या पट्टीचा पहिला मोड एकटाच मधल्या बाकाचा ९८.६ टक्के भाग देतो. ते पाहून समाधान होतं. पण भाराखालच्या वाकवणाऱ्या आघूर्णाचा तो जेमतेम ८१ टक्के देतो. बाक बघायचा असेल तर थोडे मोड पुरतात. ताण वाचायचा असेल तर पुरत नाहीत.

[दृश्य: स्लायडर नोडच्या उंबरठ्यावर. सॉल्व्हरच्या पुनरावृत्तीत तो पुढे-मागे होतो.]

एलिमेंट ओलांडतानाही एक गुंता होतो. न्यूटनच्या एका फेरीत ‘एस’ पुढच्या एलिमेंटमध्ये जातो, दुसऱ्या फेरीत मागे येतो, तिसरीत पुन्हा पुढे. फेऱ्या संपतात, उत्तर मिळत नाही. सोपा मार्ग असा: चालू टाइमस्टेप संपेपर्यंत जुन्याच एलिमेंटचं बहुपद त्याच्या हद्दीबाहेर किंचित ताणून वापरायचं आणि टाइमस्टेप पक्का झाला की एलिमेंट बदलायचा. आपल्या वेगाला एका मिलिसेकंदात स्लायडर २ मिमी जातो, त्यामुळे ताणायचं अंतर तेवढंच. बीमचं शेवटचं टोक आल्यावर काय करायचं, हेही लिहून ठेवावं लागतं. अडवायचं, सोडून द्यायचं की थांबायचं? काहीच सांगितलं नाही तर बहुपद हवेतच पुढे जातं आणि स्लायडर नसलेल्या बीमवर चालत राहतो.

काही जण बंधनाऐवजी ताठ स्प्रिंग लावतात. तिचा ताठपणा मीटरला १० लाख न्यूटन घेतला तर स्लायडर ०.०२ मिमी आत दबतो आणि त्या स्प्रिंगवर ११२ हर्ट्झनं नाचतो. १ मिलिसेकंदाचा टाइमस्टेप एका आवर्तनात नऊ ठिकाणी पडतो, ते निभतं. ताठपणा शंभरपट केला की आवर्तनच टाइमस्टेपपेक्षा छोटं होतं आणि आलेखात उरतो तो नुसता गोंगाट.

[दृश्य: १०० मिमी लांबीचा स्लायडर, वाकलेल्या पट्टीवर. दोन टोकांमधली फट मोठी करून दाखवली आहे.]

खरा स्लायडर बिंदू नसतो. हा १०० मिमी लांब आहे. मधोमध असताना त्याच्या लांबीत पट्टीचा बाक ०.०१७५ मिमी भरतो. बेअरिंगमधली मोकळीक याहून कमी असेल तर स्लायडर दोन्ही कडांना आणि मध्ये असा तीन ठिकाणी चिमटला जातो. एका बिंदूच्या मॉडेलला याचा पत्ताच नसतो. अडकण्याचंही तेच. ढकलणारं बल मार्गापासून जितकं दूर, तितकं कडांवरचं दाबबल जास्त. घर्षणगुणांक ०.२५ असेल आणि हे अंतर बेअरिंगच्या लांबीच्या दुपटीहून जास्त झालं, तर कितीही जोर लावा, स्लायडर सरकत नाही. हे पाहायचं असेल तर दोन टोकांना दोन सरकते बिंदू द्या, आणि त्यांना वळण्याची बंधनं देऊ नका. ती दिली की स्लायडर वाकत्या बीमला सरळ करायला झटतो आणि खोटी बलं उभी राहतात.

घर्षणाचं सूत्र शून्य वेगाला तुटतं, म्हणून त्याला गोलाई देतात: हायपरबोलिक टॅन्जंट आणि सेकंदाला १ मिमीचा उंबरठा. किंमत अशी की थांबलेला स्लायडर खरोखर थांबत नाही. पाव अंतरावर पट्टीचा उतार ०.००३५ असतो, घर्षणगुणांक ०.१ धरला तर स्लायडर सेकंदाला ०.०३५ मिमीनं ओघळतो. दहा सेकंदांत ०.३५ मिमी. काही कामांत हे चालतं, स्थाननिश्चितीच्या यंत्रात चालत नाही.

मॉडेल तपासायला आधी ‘एस’चा वेग ठरवून द्या, सेकंदाला २ सेंटिमीटर, आणि बाकाची रेघ मिळते का पाहा: पाव अंतरावर २.६३, मध्ये ४.६७. वेग ठरवूनच द्यायचा, कारण घर्षणाविना मोकळा सोडलेला स्लायडर स्वतः पाडलेल्या खळग्याकडे धावतो आणि मध्याशी सेकंदाला सुमारे ०.२१ मीटर गाठतो. त्या वेगात निम्मीच स्थितिज ऊर्जा उतरते. उरलेली निम्मी वाकलेल्या बीममध्ये साठते. ऊर्जेची बेरीज तपासताना बीमचा हा वाटा हमखास विसरला जातो.

[दृश्य: पुन्हा सुळक्यांचा आलेख. आता त्याखाली वारंवारतेचा पट.]

आणि सुळके कुणाचे? सेकंदाला २ मीटर वेग, २५० मिमीचे एलिमेंट: नोड ८ हर्ट्झनं येतात. पट्टीची स्वतःची पहिली वारंवारता ५.८६ हर्ट्झ; स्लायडर मध्याकडे जाताना ती ४.६ पर्यंत उतरते आणि पलीकडे पुन्हा चढते. खरं कंपन असं हलतं. जाळीचं, म्हणजे एलिमेंटच्या विभागणीचं, कंपन ८ वर खिळलेलं राहतं. सोळा एलिमेंट केले की ते १६ वर जातं आणि सुळका निम्मा होतो. आठच एलिमेंट ठेवून वेग सेकंदाला १.१५ मीटर केला, तर नोड ४.६ हर्ट्झनं येऊ लागतात, स्लायडर मध्याजवळ असताना पट्टीच्या स्वतःच्या वारंवारतेशी गाठ पडते, आणि जाळीनं चेतवलेलं कंपन हुबेहूब खऱ्यासारखं दिसतं. म्हणून ही तपासणी एकाच वेगावर करून थांबू नये.